भाव गुजरातीत, मत मराठीत

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी प्रकाशरावांना जीप घ्यायचं खूळ लागलं. साधीसुधी नव्हे, चारही चाकांना जोर असलेली. पुण्याहून सुमितनं फोनवर समजावून पाहिलं की बाबा, लहानशी ऑटोमॅटिक घ्या, भाजी आणायला बरी पडेल. पण भाजी आणायला गाडी हवी होती कुणाला? तरुणपणी प्रकाशराव बँकेत शेतीकर्जाचे साहेब होते. सोनगड, आहवा, डांगातले पाडे त्यांनी बँकेच्या जीपमधून पालथे घातले होते. एकदा तीच वाट स्वतःच्या गाडीनं करायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. रजनीबाईंनी एकच अट घातली. गाडी पेट्रोलची पाहिजे. डिझेलचा वास नाकात गेला की त्यांना मळमळायचं.

महिनाभर मोबाइलवर जाहिराती चाळल्यावर कामरेजच्या एका गजुभाईंची जिप्सी सापडली. बारा वर्षं वापरलेली, हिरवी, मागे दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकं. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, रस्त्यावरच्या तारांना अजून फाटके पतंग लोंबत होते, तेव्हा दोघं रिक्षा करून बघायला गेली.

जाताना रिक्षातच ठरलं, की बोलायचं प्रकाशरावांनी आणि ठरवायचं रजनीबाईंनी. तशी त्यांच्या घरची रीतच होती. लग्न होऊन सुरतेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी त्यांना साडीच्या दुकानात नेलं होतं आणि पायरीवरच कानमंत्र दिला होता, "भाव गुजरातीत करायचा, मत मराठीत सांगायचं." दुकानदारासमोर नाक मुरडायचं, रंग विटका आहे म्हणायचं, एवढ्याला सोडू नका म्हणायचं, ते सगळं मराठीत, चेहरा हसरा ठेवून. सुरतेतली आपली सगळीच मंडळी असं करतात. रजनीबाईंचा तर त्यात हातखंडा होता. पस्तीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवून आवाजाला अशी धार आली होती, की हलक्या आवाजात बोललेलंही नवऱ्याला तीन हातांवरून नेमकं ऐकू जाई. एकदा पर्वत पाटियाच्या बन्सीलाल साडीवाल्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि शेवटी शुद्ध मराठीत म्हणाला होता, "वहिनी, रंग विटका नाही, दिवा पिवळा आहे." तो किस्सा दोघं पुढे वीस वर्षं पाहुण्यांना हसत हसत सांगत आली. त्यातून शिकलं मात्र कुणीच काही नाही.

गजुभाईंचं घर गावाबाहेर उसाच्या कडेला होतं. ओसरीत मोठा हिंचका, त्यावर गजुभाई बसलेले. साठीचा, रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस, पण डावा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा होता आणि डावा पाय चपलेत धड शिरत नव्हता. "आवो साहेब, बेसो ने, बेन," असं अस्सल सुरती वळणानं त्यांनी स्वागत केलं. बारडोलीच्या साखर कारखान्याला ऊसतोडीची माणसं पुरवायचा त्यांचा धंदा. चिखलातून, शेतातून माणसं न्यायला ही गाडी. दिवाळीत झटका आला, डाव्या पायानं क्लच दाबवेना, म्हणून आता विकायची. सगळं त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. त्यांची बायको गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावरून पुढे पदर घेतलेली, अबोल बाई. ती पाणी देऊन आत गेली.

प्रकाशरावांनी गाडीला दोन चकरा मारल्या. बसून पाहिली, आणि चारही चाकांना जोर देणारा तो धाकटा गिअर हाताला लागताच त्यांचा चेहरा असा उजळला, की रजनीबाईंना धडकी भरली. आता हा माणूस मागेल ती किंमत देऊन बसणार. त्या जवळ गेल्या आणि हसत म्हणाल्या, "तोंड आवरा आधी. गॅसचं काढा. पेट्रोल फार पिते, गॅस बसवावा लागेल, साठ-सत्तर हजारांचा खर्च आहे म्हणा, तेवढे कमी करा."

"अगं, पण आपल्याला गॅस कुठे बसवायचाय?"

"बसवायचा नाही. बोलायचाय."

प्रकाशराव ओसरीत आले आणि गुजरातीत गॅसचं गाऱ्हाणं मांडू लागले. गजुभाई शांतपणे ऐकत होते. म्हणाले, पर्वत पाटियाला चेतन म्हणून माझ्या ओळखीचा आहे, तो फसवणार नाही. किमतीचं मात्र त्यांनी काही काढलं नाही. तेवढ्यात बाई चहा घेऊन आली. कप जाडसर, कानाजवळ टवका उडालेला. तो धरणारा हात चिरांनी भरलेला, नखांच्या कडा काळ्या. वर्षानुवर्षं ऊस सोलला की हात तसे होतात आणि मग कशानंही उजळत नाहीत. रजनीबाईंनी कप घेतला आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नुसता ओठाला लावून ठेवा हो. हात बघितलेत ना?" आणि मग हिंचक्यावरच्या दवाखान्याच्या फायलीकडे नजर टाकत, त्याच सुरात, "घाई आपल्याला नाही, त्याला आहे. माणूस अर्धा गेलाय, गाडी दारात ठेवून करणार काय? आज नाही म्हटलंत तर आठ दिवसांनी स्वतः फोन करील."

बाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग पुढे झाली, रजनीबाईंच्या हातातला तो कप अलगद काढून घेतला आणि आत गेली. थोड्या वेळानं नवा चहा आला. काचेच्या कपाटातल्या सेटमधले, सोनेरी काठाचे पातळ कप. "लो बेन," एवढंच ती म्हणाली. रजनीबाईंना भारी कौतुक वाटलं. गुजराती माणूस खरंच अगत्याचा, टवका उडालेला कप दिला हे आपलं आपणच उमगलं तिला.

गजुभाईंनी पन्नास हजार कमी केले. बायकोकडे एकदा पाहिलं, तिनं मान फिरवली, आणि ते म्हणाले, "कंई वांधो नहीं."

परतताना गाडी प्रकाशरावांनी चालवली. रजनीबाई शेजारी बसून स्वतःवर खूश होत्या. "माझ्यामुळे पन्नास वाचले," असं त्यांनी कामरेज ते सुरत चारदा सांगितलं.

पुढच्या पंधरा दिवसांत गाडीनं आपले गुण दाखवले. बारडोलीला जाऊन आले, टाकी निम्मी. उकाईला जाऊन आले, टाकी रिकामी. पंपावरचा माणूस प्रकाशरावांना नावानं हाक मारू लागला. डांगची वाट राहिली बाजूलाच, नवरा-बायको रोज चहाबरोबर लिटर आणि किलोमीटर यांचा भागाकार करू लागली. शेवटी एका सकाळी प्रकाशराव खाली मान घालून म्हणाले, "गॅसचं खरंच विचारून यायचं का?" रजनीबाईंना हसू आलं. खोटं बोललो तेच आता खरं करायची वेळ आली, असं म्हणत त्यांनी चपला घातल्या.

चेतनचं गॅरेज पर्वत पाटियाच्या चौकातून आत होतं. कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या टेम्पोंतून वाट काढत ते पोचले. चेतन चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. गाडी बघताच त्यानं हात पुसले, बॉनेटवर थाप मारली आणि गुजरातीत सांगू लागला. गॅस बसेल, शहरात फिरायला परवडेलही. पण टाकी मागे बसणार, म्हणजे मागची बाकं काढावी लागणार. वजन वाढणार. आणि डोंगराच्या चढाला गाडी दम टाकणार, तिथे पुन्हा पेट्रोलवरच घ्यावी लागेल. म्हणजे डांगला जायचं असेल तर गॅस घेऊन नुसतं ओझं वाहायचं. शिवाय गॅस बसवला की त्याची नोंद गाडीच्या कागदावर करावी लागते, नाहीतर विम्याचे वांधे. "कागद जरा दाखवा, गाडी अजून कुणाच्या नावावर आहे?"

गाडी नावावर व्हायची अजून बाकी होती. प्रकाशराव चष्मा शोधत होते म्हणून फाइल रजनीबाईंनी उघडली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातलं गाडीच्या नोंदणीचं कार्ड बाहेर काढलं. इतके दिवस ते प्रकाशरावांकडेच होतं. बँकेच्या माणसाला साजेसं त्यांनी इंजिनाचा नंबर तपासला होता, चासीचा तपासला होता, सह्या पडताळल्या होत्या. नाव मात्र मालकाचं आहे एवढंच पाहिलं होतं. रजनीबाईंनी सवयीनं पुढची ओळ वाचली. गजेंद्र. वडिलांचं नाव, सुपडू.

पस्तीस वर्षं हजेरीपट घेतलेली बाई ती. बापाच्या नावावरून मुलाचं गाव सांगायची. मूल जगावं म्हणून सुपात घालून ज्याचं नाव सुपडू ठेवतात, तो गुजरातचा नसतो. तो तापीच्या वरच्या अंगाचा, खानदेशचा. रजनीबाईंच्याच वर्गात कितीतरी सुपडूंची पोरं येऊन गेली होती. रजनीबाईंच्या स्वतःच्या चुलत आजोबांचं नाव सुपडू होतं.

"हे गजुभाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना, "हे मराठी आहेत?"

चेतन हसला आणि सरळ मराठीवर आला. "म्हणजे काय! गजुकाका अन् शोभाकाकू आमच्या अमळनेरकडचेच. तुम्हाला माहीत नव्हतं? घरात तर अहिराणीच बोलतात." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो आणखीच मोकळेपणानं हसला. "पण तुम्ही आलात बघा. काकांचा फोन आला होता मला. म्हणे, एक साहेब अन् बाई गाडी घेऊन गेले, ते काही गॅस बसवायला येणार नाहीत, ते नुसतं बोलायचं होतं. पण आलेच तर खरं सांग, म्हणे. डोंगरात न्यायची असेल तर बसवू नका, म्हणाव."

प्रकाशरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. रजनीबाई गॅरेजातल्या स्टुलावर बसल्या. बसवायचा नाही, बोलायचाय. शब्द न् शब्द गेला होता तर. आणि तेवढाच गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. त्यांना आता एकेक आठवू लागलं, जसं बोललं होतं तसं, त्याच सुरात. माणूस अर्धा गेलाय. हे त्या माणसाच्या समोर तीन हातांवर बसून म्हटलं होतं, त्याच्याच ओसरीत. हात बघितलेत ना? आणि मग तो कप. अलगद काढून घेतलेला. सोनेरी काठाचे कप काही टवक्यासाठी आले नव्हते.

रजनीबाईंनी कार्ड पुन्हा पाकिटात सरकवलं. सत्तरीच्या उंबऱ्यावर माणसाला असं लाजायला होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लाज ही तरुणपणीची गोष्ट असते, असं त्या समजून चालल्या होत्या.

प्रकाशरावांनी गाडी चौकाबाहेर काढली. मग सिग्नलला म्हणाले, "आपण गॅस बसवूनच टाकू. बाकं गेली तर गेली. म्हणजे बोललो ते खोटं तरी राहणार नाही."

रजनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका भाबडा माणूस, आणि याच्या तोंडून आपण वदवून घेतलं. "अहो," त्या म्हणाल्या, "मला टोचतंय ते गॅसचं नाही."

त्यानंतर चार दिवस त्या गाडीत बसल्या नाहीत. सोसायटीत खाली ती हिरवी गाडी उभी दिसली की त्या गॅलरीतून आत वळत. पोळ्या लाटताना, पूजेची भांडी घासताना त्यांना भलतंच आठवे. नोकरीचं पहिलं वर्ष. खानदेशातून सुरतेला येऊन कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं, त्यांची पोरं पहिलीच्या वर्गात. एक मुलगी बाकावरून उठून म्हणायची, "बाई, माले पानी पेवानं शे." रजनीबाई तिला सोडत नसत. 'मला पाणी प्यायचं आहे' असं नीट म्हण, मग जा. ती मुलगी कोरड्या घशानं तीनतीनदा म्हणून बघायची. रजनीबाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, शिकवणंच होतं ते. पण माहेरी, धरणगावला, त्यांची स्वतःची आजी, मायबाई, त्यांना मांडीवर घेऊन 'शे' आणि 'व्हयनं'च बोलायची. तालुक्याच्या शाळेत मास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर हसून दाखवलं, आणि त्या दिवसापासून लहानग्या रजनीनं आजीला उत्तरंसुद्धा पुस्तकी मराठीत द्यायला सुरुवात केली. आजी म्हणायची, "मन्ही पोर बामनीन व्हयनी." हसायची, पण हळूहळू तिनं नातीशी बोलणंच कमी केलं होतं. हे सगळं साठ वर्षं कुठे होतं कोण जाणे. शोभाबाईचे ते चिरलेले हात आठवले की त्यामागून आजीचेच हात दिसत.

पाचव्या दिवशी त्यांनी बँकेतून स्वतःच्या पेन्शनीचे पन्नास हजार काढून आणले. प्रकाशराव म्हणाले, व्यवहार तो व्यवहार, त्यांनी राजीखुशीनं कमी केले. त्यांनी असं म्हटलं खरं, पण म्हणता म्हणताच गाडीची किल्ली हातात घेतली.

कामरेजला पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. शेजारचा ऊस तुटून गेला होता आणि घर एकदम उघड्यावर आल्यासारखं दिसत होतं. गजेंद्रभाई हिंचक्यावरच होते. गाडी बघून त्यांच्या तोंडावर माणूस भेटल्यासारखा आनंद आला. प्रकाशराव चाचरत मराठीत म्हणाले, "आम्हाला चेतननं सांगितलं." एवढंच. गजेंद्रभाईंना पुरलं. ते लगेच मराठीतच बोलू लागले.

"जाऊ द्या हो साहेब. धंद्यात सगळेच बोलतात. मी नाही का कारखान्याच्या साहेबासमोर टोळीवाल्यांशी आमच्या बोलीत बोलतो? तो हसतो, मी हसतो." मग त्यांनी उजव्या हातानं गाडीकडे बोट केलं. "चढाला धाकटा गिअर आधी टाका, गाडी दमल्यावर नका टाकू. अन् बाकं काढू नका. एक बाई त्या बाकावर बाळंत झालेली आहे, बारडोलीच्या दवाखान्याच्या दारात. पोरगी झाली." दोघं पुरुष गाडीकडे गेले, म्हणजे प्रकाशराव गेले आणि गजेंद्रभाई काठी टेकत, एक पाय ओढत मागून. दोघांची मनं पाच मिनिटांत जुळली. पुरुषांना मध्ये एखादं यंत्र ठेवायला मिळालं की असं जमतं.

ओसरीत रजनीबाई आणि शोभाबाई राहिल्या.

"शोभाताई," रजनीबाई म्हणाल्या. जन्मभर लोकांच्या तोंडावर त्यांच्याचबद्दल बोलल्या होत्या, आता वाक्य पाठ करून आणलं होतं तरी ओठांवर येईना. "त्या दिवशी मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. तुम्हाला समजत होतं म्हणून नव्हे. समजत नसतं तरी नको होतं."

शोभाबाईनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. "चा पीशो ने, बेन?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

रजनीबाईंनी पाकीट काढून हिंचक्यावर, फायलीशेजारी ठेवलं. तेवढ्यात गजेंद्रभाई परत आले, त्यांनी पाकीट बघितलं, 'नको, नको' करत परत सरकवलं. ते असं दोनदा मागेपुढे झालं. तिसऱ्यांदा आतून आलेल्या शोभाबाईनं ट्रे खाली ठेवला, पाकीट उचललं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "गाडीनी ज किंमत छे ने." तिनं पाकीट आत नेऊन कपाटात टाकलं आणि कपाट लावून घेतलं. गजेंद्रभाई खाली बघत राहिले. रजनीबाईंना हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. पैसे घेतले म्हणजे तेवढं मिटलं, बाकीचं तसंच राहिलं.

चहा सोनेरी काठाच्या कपातच आला होता. रजनीबाईंनी थेंब न ठेवता प्यायला, जीभ भाजली तरी. दाराच्या फटीतून आतल्या भिंतीवर खुंटीला टांगलेले जाड कप दिसत होते, त्यांतला टवक्याचाही. घरच्या माणसांचे कप ते. त्या कपातला चहा आता आपल्याला मिळायचा नाही, हे त्यांना कळलं.

त्या मराठीत विचारत गेल्या, डॉक्टर काय म्हणतात, मालीश कोण करतं, टोळीचं यंदा कोण बघतं. शोभाबाई एकेका प्रश्नाला उत्तर देत होती. नीट, मान राखून, आणि गुजरातीत. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. तिच्या नवऱ्यानं एकदा तिच्याकडे बघून भुवई उंचावली, तिनं बघितलं न बघितलं केलं.

निघताना फाटकापाशी रजनीबाई थांबल्या. प्रकाशराव गाडी वळवून घेत होते. साठ वर्षं न उच्चारलेले शब्द तोंडात गारगोट्यांसारखे अडत होते. "मन्ही चूक व्हयनी, बाई," त्या म्हणाल्या.

शोभाबाईचा हात फाटकाच्या कडीवर थबकला. तिनं पहिल्यांदाच रजनीबाईंच्या डोळ्यांत बघितलं. बराच वेळ बघत राहिली, शब्द खरा आहे की उसना, हे पारखत असल्यासारखी. तिचे ओठ किंचित हलले. मग तिनं कडी सरकवली.

"आवजो, बेन."

रजनीबाई गाडीत बसल्या. गाडी अजून फाटकासमोरच होती. मागे ओसरीकडे जाता जाता शोभाबाई नवऱ्याला काहीतरी म्हणाली. त्यांच्या बोलीत, मोकळ्या आवाजात. गजेंद्रभाईही काही बोलले. बोलणं आपल्याबद्दलच असणार, आणि कान दिला तर शब्द न् शब्द समजेल, हे रजनीबाईंना ठाऊक होतं.

त्यांनी हँडल फिरवून काच वर घेतली.